नियम सांगितला नाही

मी एका माणसाची नोकरी घालवली. लाल शाईनं, पाच पानांत, एकही खोटं वाक्य न लिहिता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी उसाच्या गाड्या, गुऱ्हाळं, गुळाचा वास असलं बरंच काही सांगणार आहे आणि त्या वासात मूळ गोष्ट हरवायला नको. ती माझी जुनी खोड आहे. कित्येक वर्षं मी स्वतःलासुद्धा ही गोष्ट गुळात घोळवूनच सांगत आलो.

आता मी शाळेत पर्यवेक्षक आहे. फेब्रुवारी लागला की शिपाई पाठ निरीक्षणाच्या वह्या माझ्या टेबलावर आणून ठेवतो. प्रत्येक नव्या शिक्षकाच्या नावाची एक. डावीकडे मुद्दा, उजवीकडे शेरा, खाली निरीक्षकाची सही आणि तिच्याही खाली पाठ घेणाऱ्याची, 'वाचलं, मान्य' असं लिहून. कोऱ्या कागदाचा आणि खळीचा वास येतो. बाहेर रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडं खडखडत जात असतात. पाचट जाळल्याची काजळी वाऱ्यानं येऊन वहीवर बसते. फुंकर मारली तर उडते, बोटानं पुसायला गेलं तर फासली जाते.

परवा एका नव्या बाईंचा पाठ बघायला मागच्या बाकावर बसलो. वय तेवीस-चोवीस. आठवीचा वर्ग, इंग्रजीचा तास. फळ्यावर त्यांनी घाईत 'पिक अप इट' असं लिहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि पदरानंच पुसून 'पिक इट अप' केलं. पदराला खडू लागला. मुलांनी ते पाहिलं, मीही पाहिलं. माझ्या हातात लाल पेन होतं. त्या पेनाचं टोक कागदाला टेकलं, आणि मला तो हंगाम आठवला. तोच महिना, तोच धडा, तोच बाक.

ते वर्ष पंचाहत्तरच्या अलीकडपलीकडचं. गाव इस्लामपूरच्या बाजूचं, नदीकाठच्या सुपीक मळईतलं. फेब्रुवारीत त्या गावात तीन वास असायचे: सकाळी गुऱ्हाळाच्या पेटत्या चुलवाणाचा, दुपारी उकळत्या रसाचा, आणि संध्याकाळी वारा फिरला की कारखान्याकडून येणारा आंबूस मळीचा. उसाच्या बैलगाड्या शाळेवरून जायच्या. मधल्या सुटीत पोरं गाडीमागं धावून कांडी ओढायची, आणि नंतरच्या तासाला निम्म्या वर्गाच्या हनुवट्या चिकट असायच्या.

शाळा पत्र्याची. आठवी अ आणि आठवी ब या दोन वर्गांच्या मधे भिंत म्हणजे बांबूचा तट्ट्या, वरून शेणामातीनं लिंपलेला, तोही जागोजाग उडालेला. अलीकडं अ तुकडी, माझी. पलीकडं ब, खाडे मास्तरांची. त्या तट्ट्यातून उजेड थोडा यायचा आणि आवाज सगळाच्या सगळा.

मी साताऱ्याचा. सत्तावीस वर्षांचा, बी.ए., बी.एड., इस्त्रीची पँट. खाडे माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, दुष्काळी माण तालुक्यातले. फौजेत पंधरा वर्षं काढून हवालदार म्हणून बाहेर पडलेले. मॅट्रिक फौजेतच झाले, बी.ए. नंतर बाहेरून. बी.एड. मात्र नव्हतं. अशा शिक्षकाला संस्था एका वर्षाची ऑर्डर द्यायची. एप्रिलअखेर ती संपायची, आणि संस्थेच्या मनात असलं तर जूनमध्ये पुन्हा मिळायची. काम पटलं की संस्था त्याला ट्रेनिंगला पाठवायची, मग तो कायम. खाडे त्या उंबरठ्यावर होते. बायकोला आणि दोन मुलींना त्यांनी गावाकडून आणलं होतं.

"सर, आमच्याकडं पोरी शाळंला जायाच्या आदी घागर घिऊन जात्यात," ते एकदा म्हणाले होते. "परत येस्तवर शाळा सुटायची येळ. हितं दारात आड हाय. आता हितंच ऱ्हायचंय बगा मला."

इंग्रजीत क्रियापदाच्या मागं जे घडतं ते आमच्या मुलांना फार छळायचं. मराठीत आपण 'त्याच्याकडे बघ' म्हणतो. आधी माणूस, मग त्याच्या मागं शेपटीसारखं 'कडे'. इंग्रजीत ते शेपूट पुढं येतं, शिंगासारखं: लुक ॲट हिम. आणि माणूसही पूर्वीचा राहत नाही, 'ही' चा 'हिम' होतो. मी हे गुंडाळफळ्यावर लिहून आणायचो. 'क्रियापदानंतर शब्दयोगी अव्यय आल्यास त्यापुढील सर्वनाम कर्मरूपात येते.' मुलं ते पाढ्यासारखं घोकायची, चालीवर म्हणून दाखवायची, आणि लगेच 'लुक ॲट ही' म्हणायची. मी छडी घ्यायचो. मग ती 'लुक ही ॲट' म्हणायची.

पलीकडून तट्ट्यातून खाडेंचा आवाज यायचा.

"ही, शी, दे. घरात हाईत तवर मुंडासं बांदा न्हाईतर उगडं फिरा. वाक्याच्या म्होरं मालक. पर क्रियापदाच्या मागं गेलं की ड्यूटी! ड्यूटीवर मुंडासं चालंल का?"

"न्हाई!"

"मग वर्दी चढवा. ही चा?"

"हिम!"

"शी चा?"

"हर!"

"आन यू? आन इट?"

एक पोर ओरडायचं, "त्ये बदलत न्हाईत, सर!"

"का बदलंल? ती चोवीस तास वर्दीत झोपनारी जात हाय!"

आणि हशा. तो हशा तट्ट्यातून माझ्या वर्गात शिरायचा. माझी मुलंही तोंडावर हात धरून हसायची. माझ्या नियमाला कुणी कधी हसलं नाही, याचं मला तेव्हा भूषण वाटत असे.

जानेवारीच्या शेवटी तपासणीचे साहेब आले. पहिला पाठ माझा ठेवला होता. इंग्रजी शिकवणारा बी.एड.वाला एकटा मीच. मी नवा फळा, रंगीत खडू, सगळं जय्यत ठेवलं. साहेब बसले, ऐकलं. मग हातातली छत्री खाली टाकून एका मुलाला इंग्रजीत म्हणाले, ती उचल आणि त्याच्याकडं दे. मुलगा उभा राहिला. त्यानं मला नियम म्हणून दाखवला. संपूर्ण, न अडखळता. छत्री खालीच.

तेवढ्यात पलीकडून चाळीस पोरांचा गजर आला, "पिक इट अप! पुट इट ऑन! टेक इट ऑफ! गिव्ह इट टू हर!" साहेबांनी कान टवकारले. स्वतःच छत्री उचलली आणि तट्ट्याच्या पलीकडं गेले ते तास संपेपर्यंत आलेच नाहीत.

चहा शिक्षकखोलीत होता. सगळे होते. साहेबांनी बशीत चहा ओतला, फुंकला, आणि माझ्याकडं बघत म्हणाले, "तुम्ही बी.एड. ना? मग असं करा, रोज एक तास या हवालदारांच्या वर्गात मागच्या बाकावर बसत जा. काही शिकाल."

सगळे हसले. साहेब हसले म्हणून हेडसर हसले, हेडसर हसले म्हणून बाकीचे. खाडे तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "न्हाई न्हाई साहेब, सर लय शिकलेलं हाईत." मला तेच जास्त लागलं. हसणाऱ्याला माणूस विसरू शकतो. बाजू घेणाऱ्याला विसरता येत नाही.

पुढं पंधरा दिवस ड्रॉइंगचे पवार सर मला रोज विचारायचे, "काय सर, मागच्या बाकावर रुमाल टाकून ठेवू का? उशीर केला तर उभ्यानं प्रवास व्हायचा."

मीही हसायचो. आत मात्र चुलवाण पेटलं होतं. गुऱ्हाळावर गुळव्याला बघितलंय का कधी? तो रसाच्या काहिलीपाशी बसतो. घाई करत नाही. रस तापतो, वर घाण येते, ती काढतो, पुन्हा बसतो. काहील कधी उतरायची हे त्याला वासावरून कळतं. सूड अगदी तसाच असतो. मी दिवसभर हसतमुखानं शिकवायचो, आणि खोलीवर येऊन जेवताना, दाढी करताना, ओढ्याकडं फिरायला जाताना मनातल्या मनात रस ढवळत बसायचो. काय करायचं ते ठरलं नव्हतं. पण करणार हे पक्कं होतं, आणि त्या नुसत्या खात्रीनं तोंडात गोडी यायची. आयुष्यात मी इतका टवटवीत क्वचितच राहिलो असेन. हे लिहिताना लाज वाटते, पण ते खरं आहे. त्या पंधरा दिवसांत मला झोप गाढ लागत होती.

आणि मग ते काम आपल्या पायानं चालत माझ्याकडं आलं.

हेडसरांनी सांगितलं, खाडेंचे पाच पाठ कुणीतरी बघून शेरे लिहायचे आहेत, ती वही संस्थेकडं जाईल, आणि वही बघूनच त्यांना ट्रेनिंगला पाठवायचं की नाही ते ठरेल. कुणी बघायचे यावर चर्चा व्हायच्या आधीच खाडे माझ्यासमोर उभे राहिले.

"आवं सर, तुमीच बगा माजं पाठ. म्या अडानी पद्दतीनं शिकिवतो. तुमास्नी शास्त्र म्हाईत. चुकलं तर कान धरा."

मी म्हणालो, "जरूर." आणि सायकलवरून इस्लामपूरला जाऊन लाल शाईची नवी दौत आणली.

मागच्या बाकावर बसलो. साहेबांनी सांगितलं होतं तिथंच. बाकावर कुणीतरी करकटकानं बैल कोरला होता. मी वही त्या बैलावर ठेवली.

पहिल्या पाठात त्यांनी वर्दीची गोष्ट सांगितली. मी लिहिलं, 'मातृभाषेचा अतिरिक्त वापर.' दुसऱ्या पाठाला पोरं उठून टोप्या घालत होती, काढत होती, एकमेकांच्या हातात देत होती. लिहिलं, 'विद्यार्थी जागा सोडतात. वर्गशिस्तीचा अभाव.' तिसऱ्या पाठाला त्यांनी चिंध्यांचा चेंडू आणला होता. "थ्रो इट टू हिम," म्हणाले आणि चेंडू अलगद टाकला, पोरानं झेलला. "आता थ्रो इट ॲट हिम," आणि तोच चेंडू दुसऱ्याच्या पाठीत. "कळलं का रं गड्यांनो? 'टू' म्हंजे झेलायला, 'ॲट' म्हंजे हानायला. समोरचा त्योच, चेंडू त्योच. मधल्या शब्दावरनं नेम कळतो." लाफ ॲट, शाउट ॲट, पॉइंट ॲट, पोरांनी आपण होऊन यादी केली. मी लिहिलं, 'शैक्षणिक साधन अनुचित.' माझा नेम मला ठाऊक होता. चौथ्याला लिहिलं, 'फलकलेखन नाही.'

प्रत्येक शेरा खरा होता. हीच तर त्यातली चव होती. खोटं लिहायला माझ्यासारख्याला धीर झाला नसता. मी फक्त खऱ्या गोष्टी वेचल्या, आणि पोरं बोलत होती, अचूक बोलत होती, ही एवढी एक खरी गोष्ट कागदाबाहेर ठेवली.

पाचवा पाठ मला अजून जसाच्या तसा दिसतो. बाहेर उसाच्या गाड्या उभ्या होत्या, कुणाचं तरी चाक निसटलं होतं, बैल सोडून ठेवले होते, त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता. खाडेंनी खडूनं जमिनीवर दोन लांब रेघा ओढल्या.

"ह्यो ओढा. पानी आलंय. दोन मोठी मानसं हाईत, एक ल्हान पोर. कसं जायाचं पल्याड?"

"पोराला मधी धरून!"

"का? मागनं यीना का पोर."

शेवटच्या रांगेतली शकीला, गावातल्या कल्हईवाल्यांची मुलगी, उभी राहिली. "मागं ऱ्हायलं तर व्हाऊन जाईल की, सर."

"शाब्बास! ये, तूच 'इट'." दोन धिप्पाड पोरं त्यांनी बोलावली. एकाच्या पाठीवर 'पिक' लिहिलेली पाटी, दुसऱ्याच्या 'अप'. शकीलाला मधे धरून दोघं रेघा ओलांडून गेली, आणि वर्ग ओरडला, "पिक इट अप!"

"इट, हिम, देम ही समदी ल्हान. मधी घ्यायची. आता ल्हान पोराच्या जागी ह्यो आमचा दाजी आला, धा पायलीचं पोतं उचलनारा, तर?"

"त्यो यील मागनं!"

"पिक अप युवर स्कूल बॅग. चालतंय. जड मानूस मागनं आला तरी व्हात न्हाई."

मग शकीलानंच विचारलं, "सर, मग लुक ॲट हिममधी हिमला का न्हाई मधी घेत?"

खाडे थांबले. डोकं खाजवलं. मला वाटलं, अडकले. मी पेन उचललं.

"बेस इचारलंस," ते म्हणाले. "ह्यो 'अप' हाय न्हवं, त्यो वाटंवरचा सोबती. कडंनं चालतो. पर 'ॲट' सोबती न्हाई, उंबरा हाय. उंबरा वलांडल्याबिगर घरात शिरता येतं का? आदी लुक, मग उंबरा, मग आत हिम बसलेला. उंबऱ्याच्या आदीच त्यो दिसला, तर त्यो घरात न्हाईच म्हनायचा."

मी इंग्रजी विषय घेऊन पदवीधर झालेला माणूस. चार वर्षं तोच धडा शिकवत होतो. असं का, हे मला त्या क्षणापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. शेवटच्या बाकावर, कोरलेल्या बैलावर वही ठेवून, मी ते शिकलो. आणि त्याच हातानं मी लिहिलं, 'नियम सांगितला नाही.'

वही त्यांच्यापुढं ठेवली तेव्हा शिक्षकखोलीत आम्ही दोघंच होतो. ते चष्मा लावून सावकाश वाचत गेले, ओळीवर बोट ठेवून. मी खिडकीबाहेर बघत होतो. ते चिडतील, वाद घालतील, म्हणजे मला आणखी दोन ओळी लिहिता येतील, अशी मी वाट बघत होतो.

"खरं हाय की, सर," ते म्हणाले. "नियम न्हाईच सांगितला म्या." त्यांनी पाचही पानांवर 'वाचलं, मान्य' लिहून सही केली. "लिवलं ते बरं केलंसा. फौजेत बगा, वरिष्ठ चूक दावतो त्यो आपला मानूस. गप बसतो त्यो न्हवं."

त्या माणसानं माझे शेरे हुकूम म्हणून घेतले. माझ्या हिशेबात हे नव्हतं. कुठल्याही मुरलेल्या मास्तरानं असले शेरे वाचले असते, मनात एक शिवी हासडली असती आणि दुसऱ्या दिवशी आपलंच चालू ठेवलं असतं. आम्ही सगळे तेच करायचो. पण फौजेतून आलेल्या माणसाला लेखी सूचना म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तट्ट्याच्या पलीकडं शांतता होती. फळ्यावर खडू कुरकुरत होता. मग खाडेंचा आवाज आला, ताठ, परका, प्रत्येक शब्द कवायतीत उभा केल्यासारखा: "क्रियापदानंतर... शब्दयोगी अव्यय... आल्यास..." माझंच वाक्य. त्यांनी ते माझ्या मुलांच्या वहीतून उतरवून घेतलं होतं.

मला किती आनंद झाला! त्या दिवशी मी माझ्या वर्गात मुद्दाम मोठ्यानं शिकवलं. एक विनोदही केला. तिसऱ्या दिवशी पलीकडून एक पोर म्हणालं, "सर, आज ओढा न्हाई का?" आणि खाडे म्हणाले, "गप. लिवून घे." चौथ्या दिवशी कुणी विचारलं नाही.

मार्चमध्ये संस्थेचे सचिव अचानक आले. थेट आठवी ब मध्ये गेले. हेडसरांनी मलाही बोलावून घेतलं. सचिवांनी खिशातलं पाकीट खाली टाकून एका मुलाला तेच विचारलं, जे साहेबांनी माझ्या मुलाला विचारलं होतं. मुलानं नियम म्हणून दाखवला. दुसऱ्यानं 'पिक अप इट' म्हटलं. शकीला उभी राहिली, खाडेंकडं बघितलं, परवानगी मागितल्यासारखं. खाडेंनी मान हलवून नको म्हटलं, कारण पोरांनी आपल्या मनानं बोलणं हा शिस्तीचा अभाव होता. ती बसली.

बाहेर व्हरांड्यात सचिवांनी वही चाळली. "शेरे बरोबर दिसतात," म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "तुम्ही पाच पाठ बघितलेत. तुमचं तोंडी मत काय?"

ती वेळ होती. एका वाक्याचं काम होतं. 'महिन्यापूर्वी या वर्गासारखा वर्ग जिल्ह्यात नव्हता,' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. माझ्या जिभेवर ते आलंही होतं. पण समोर पवार सर उभे होते, चहाची बशी हातात धरलेली, आणि मला तो रुमाल आठवला.

"वहीत लिहिलंय, सर," मी म्हणालो.

खाडेंची ऑर्डर एप्रिलअखेर संपली ती संपली. जाताना ते निरोप घ्यायला माझ्या खोलीवर आले. बाहेर गाडीत वळकटी, पत्र्याची ट्रंक, दोन मुली आणि त्यांच्या मधे डोक्यावरून पदर घेतलेली बायको. मुली मागं वळून आडाकडं बघत होत्या. खाडे म्हणाले, "येतो सर. तुमी लय मदत केलीसा." मी म्हणालो, "काही लागलं तर कळवा." माणूस किती सहज बोलतो!

गोडी किती दिवस टिकली, हे मला कुणी विचारलं तर खोटं सांगणार नाही. चांगला महिनाभर टिकली. उन्हाळ्याच्या सुटीत साताऱ्यात घरी मी मजेत होतो. आंबे खाल्ले, सिनेमे बघितले. पश्चात्ताप लगेच होतो असं लिहिणाऱ्यांनी बहुधा सूड घेतलेला नसतो.

जूनमध्ये दोन्ही तुकड्या माझ्याकडं आल्या. पहिल्याच आठवड्यात तो धडा पुन्हा समोर आला, आणि मी गुंडाळफळा घरी ठेवला. खडूनं जमिनीवर दोन रेघा ओढल्या. ओढा, दोन मोठी माणसं, एक लहान पोर. सोबती आणि उंबरा. पोरं भराभर बोलायला लागली. जानेवारीत तेच साहेब तपासणीला आले. पाठ बघून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वा! मागच्या बाकावर बसलात वाटतं," म्हणाले. सगळे हसले, या वेळी कौतुकानं. शेरेबुकात माझ्या नावावर 'अभिनव पद्धती' असं लिहिलं गेलं.

त्या दिवशी दुपारी गुऱ्हाळावरून कुणी काकवी पाठवली होती. मी एक घोट घेतला आणि ओकलो. तेव्हापासून मला गुळाचा वास सोसत नाही. उसाच्या मुलखात राहून ही शिक्षा थोडी नाही.

मी चार वर्षं काही केलं नाही. पत्रं लिहिली, फाडली. एकदा हेडसरांना सांगायला गेलो आणि हजेरीपटाबद्दल बोलून आलो. मनात मी स्वतःवरच सूड उगवत होतो. आरशात बघून स्वतःला शिव्या द्यायचो, आणि त्याचंही एक समाधान मिळायचं. हे कळलं तेव्हा स्वतःची किळस आली. शिव्या खायलाही मीच, द्यायलाही मीच. खाडे त्यात कुठंच नव्हते.

दशक संपत आलं असताना एका मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेचं काम म्हणून मला माण तालुक्यातल्या दहिवडीला पाठवलं. मधे रविवार आला. खाडेंचं गाव तिथून दोन कोसांवर आहे असं कळलं. चालत गेलो. रस्त्याला सावली म्हणून नव्हती. कुसळं पायजम्यात शिरत होती. वाटेत भेटलेल्या दोन बायकांच्या डोक्यावर घागरी होत्या, आणि त्यांच्यामागं एक शाळकरी मुलगी कळशी घेऊन चालली होती. मी तिच्या तोंडाकडं बघायचं टाळलं.

खाडे गवती सपराखाली मेंढराच्या पायातला काटा सुईनं काढत बसले होते. मला बघून ताडकन उभे राहिले. "आवं सर! तुमी? या की, या!" घोंगडं झटकून टाकलं. पाणी आणलं, अर्धा तांब्या. मी ते प्यायलो आणि कुणाच्या वाट्याचं प्यायलो ते कळून कानकोंडा झालो.

"शिकवता का कुठं?" मी विचारलं.

"छ्या! मेंढरं बरी. थोरली नववीला हाय, इंग्रजी इचारती. म्या न्हाई म्हनतो. शाळंतल्या मास्तरला इचार." ते हसले. "तुमी दावलं तसं करून बगितलं, सर. लय जोर लावला. पर न्हाई जमलं. माज्यातच खोट हुती. खोट असली तर शास्त्र तरी काय करनार?"

चार वर्षं हा माणूस ते वाक्य घेऊन जगत होता. नोकरी गेली एवढंच मला माहीत होतं. बाकीचं काय काय मी काढून घेतलं होतं, ते मला त्या सपराखाली समजलं.

मी बोललो. सगळं. साहेबांचा चहा, पवारांचा रुमाल, लाल शाई, पाचवा पाठ, व्हरांडा. जूनमध्ये त्यांचाच ओढा माझ्या वर्गात काढला, तेही. ते ऐकत होते. हातातली सुई तशीच होती. मेंढरू पाय ओढत होतं, त्यांनी ते सोडलं नाही. बोलून संपल्यावर मी हात जोडले.

मग त्यांनी मेंढराचा पाय सोडला.

"मला कशाला सांगतासा?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण मी तो आवाज त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "माजं मी बगून घीन. चार वरीस हितं समदी म्हनत्यात, मास्तर नापास हून आला. पोरींच्या मामानं भर पंगतीत म्हटलंय. हिनं कवा काय बोलून दावलं न्हाई, पर हिलाबी तेच वाटतंय. मला ठावं हाय. ती बगा, मेंढरवाड्याचं कूड घालत्या. पोरीबी हाईत संगं. जावा. त्यांच्यापुढं बोला. समदं. एक अक्षर गाळू नगासा."

"तुम्ही येता?"

"न्हाई. माफी तुमची हाय."

मी उठलो. मेंढरवाड्यापाशी त्या तिघी बाभळीच्या फांद्या रचत होत्या. मला बघून खाडेंच्या बायकोनं पदर सावरला. थोरलीनं मला ओळखलं, "इस्लामपूरकडचं सर," म्हणाली. मला वाटलं, परत जावं. मागं सपरात खाडे उभे होते, बघत.

"वहिनी," मी म्हणालो, "काम जरा थांबवा. मला तुमची आणि या मुलींची माफी मागायची आहे. खाडे सर नापास झाले नव्हते. त्यांच्याइतकं चांगलं शिकवणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. मला त्यांचा हेवा वाटला, म्हणून मी त्यांचं काम वाईट दिसेल असं लिहिलं, आणि खरं सांगायची वेळ आली तेव्हा गप्प बसलो. तुमचं घर तिथून उठलं ते माझ्यामुळं. त्यांच्यात काही खोट नव्हती. खोट माझ्यात होती. मला माफ करा."